रात्रीची वाटणी

शेतात वांग्याची रोपं एकोणीस होती, त्यांतल्या नवांना फळ धरलेलं. कुंपणाचे खांब चौसष्ट. त्यांतले सात कालपासूनचे, कारण त्यांच्या लाकडाचा पिवळेपणा अजून गेला नव्हता. कोंबड्या पाच, कोंबडा एक. विहीर एक, घर एक, घराला पायरी एक आणि पायरीवर ओळीने रचलेले जळणाचे सहा ओंडके. माणूस एकही नाही. सूर्य पूर्वेच्या टेकडीवरून नुकता डोकावलेला.

रोहिणीने सगळं मोजून घेतलं आणि मगच पहिलं पाऊल टाकलं. मोजल्याशिवाय तिला कुठलंच काम सुरू करता येत नसे. सिल्वासाजवळच्या सायलीतल्या ज्या कारखान्यात ती होती, तिथे पगार मिळायचा तोही मोजण्याचाच: सिंथेटिक सुताच्या प्रत्येक लॉटमधून नव्वद मीटर सूत काढायचं, वजन करायचं, तुटेपर्यंत ताणायचं आणि आलेला आकडा नोंदवायचा. शेत मात्र सायलीत नव्हतं. ते तिच्या फोनमध्ये होतं आणि ती स्वतः डबा संपवून कॅन्टीनच्या कोपऱ्यातल्या टेबलाशी बसली होती. बाहेर माघातलं दुपारी एकचं ऊन, आणि हातातल्या फोनवर सकाळ.

गेम तसा साधा होता. पडीक जमीन मिळते, ती नांगरायची, पेरायची, राखायची. एका शेतात दोघं जाऊ शकतात, एकदम किंवा वेगवेगळे. एकच गोष्ट जरा निराळी होती. आत कुणी असेल तेवढाच वेळ तिथलं घड्याळ चाले. दोघंही बाहेर पडले की सूर्य जिथल्या तिथे थांबे आणि दाणा टिपायला वाकलेली कोंबडी वाकलेलीच राही. रोहिणीला हे फार आवडलं होतं. आमलीतल्या त्यांच्या खोलीचंही तसंच होतं. सकाळी ती ज्या जागी कप ठेवून जाई, तो रात्री त्याच जागी असे. फरक एवढाच, की मधल्या वेळात गोकुळने त्यातून चहा पिऊन तो धुऊन पुन्हा तिथेच पालथा घातलेला असे.

गोकुळ तिचा नवरा. तो राखोलीला, दमणगंगेच्या पुलापलीकडच्या एका कारखान्यात, सुताला पीळ देणाऱ्या मशीनवर ऑपरेटर होता. दोघांचीही ड्यूटी बारा तासांची. तिची सकाळी आठ ते रात्री आठ, त्याची रात्री आठ ते सकाळी आठ. लग्न झालं तेव्हा त्याची पाळी दर आठवड्याला पालटायची, त्यामुळे एका आठवड्याआड तरी घरात दोन ताटं वाढली जायची. मग श्रावणात त्याच्या जोडीचा ऑपरेटर भास्कर म्हणाला, "गोकुळ, घरात बाळंतीण आहे रे, दोन आठवडे दिवसपाळी मला दे." गोकुळने दिली. त्या दोन आठवड्यांना आता सहा महिने होत आले होते. खोलीतली एकुलती एक खाट कधी थंड म्हणून होत नसे.

गेम त्याच्या फोनवर घालून दिला तो पप्पूने. पप्पू गोकुळच्याच मशीनवरचा, नंदुरबारचा, जिभेला हाड नसलेला. "वहिनीला पण घे आत," तो म्हणाला होता, "नवरा-बायको म्हणून भेटत नाही, निदान शेजारी तरी व्हा." दिवाळीनंतरच्या एका रविवारी दोघांनी मिळून त्या पडीक रानातलं गवत काढलं. सूर्य टेकला तेव्हा गोकुळची कामावर जायची वेळ झाली, आणि दोघंही बाहेर पडले. त्यानंतर ते शेतात एकदम कधी गेले नाहीत. तिची जेवणाची सुट्टी दुपारी एकला, त्याची रात्री एकला. पण एकाने ठेवलेलं दुसऱ्याला सापडे. ती पायरीवर वांगी ठेवी, तो जळण ठेवी. सुट्टीच्या दिवशीही नेम चुकत नसे. रविवारी दुपारी तो झोपलेला असताना ती आवाज बंद करून जाई आणि बुधवारी रात्री ती झोपलेली असताना तो. कोंबड्यांना रविवार-बुधवार नसतो.

एकच गोष्ट रोहिणीला खुपत होती. तीन महिन्यांत गोकुळने एक रोप लावलं नव्हतं. रोज जावं तर नवे खांब! माणूस शेतात जातो आणि खांब रोवून परत येतो, याला काय म्हणावं? आजचेही सात तिने मोजले आणि ओंडके उचलून घरात रचले.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. गोकुळ सकाळी आला तेव्हा त्याच्या काखेत तीन रिकामी खोकी होती, सुताचे कोन भरतात ती. ती भिंतीला टेकवून तो झोपला. खिडकीवर पुठ्ठा लावलेला होता, त्यामुळे चार वाजता तो उठला तरी खोलीत दिवा लावूनच चहा करावा लागला.

"खिडकीला आणलीत?" रोहिणीने खोक्यांकडे बघत विचारलं. "आधीचा पुठ्ठा अजून चांगला आहे."

"खिडकीला नाही. सामान भरायला."

"कुणाचं सामान?"

गोकुळ उत्तर देणार एवढ्यात फोन वाजला. त्याची आई, चिमाबाई, शहाद्याजवळच्या गावाहून. तिचा आवाज स्पीकरवर न ठेवताही सगळ्या खोलीत ऐकू जाई.

"मना पोऱ्या उठना का वं?"

"उठले, आत्या. चहा घेताहेत."

"त्यानी सांगं का तुले? आवं, तो रातले जागस, तू दिनले. हाऊ कसाना संसार? एक खोलीमां दोन भाडेकरू! त्यापेक्षा तू आठे ये, मनाजोडे ऱ्हाय. त्याले कंपनीना हॉल शे."

रोहिणीने फोन गोकुळकडे दिला. तो दोनदा "हा, माय" म्हणाला आणि ठेवला.

"महिनाअखेरीला खोली सोडू," तो कपाकडे बघत म्हणाला. "मी कंपनीतल्या कामगारांच्या हॉलवर राहायला जातो, पप्पू आहेच तिथं. तू गावाला."

"आणि माझी नोकरी?"

"शहाद्यात पण लॅब असतील."

"रक्त-लघवीच्या असतील. सूत तोडायच्या नाहीत."

"तू मस्करीवर नेऊ नको. मागच्या आठवड्यात आपण दोघं जागेपणी किती बोललो, सांग."

तिच्याकडे आकडा होता. तिने तो सांगितला नाही.

"शेतावर तर रोज असतो ना आपण," ती म्हणाली.

"असतो! तू मालकीण, मी राखणदार."

"राखणदार काय? तुम्ही तिथं जाऊन नुसते खांब रोवता. एक रोप लावलंत तीन महिन्यांत?"

"रात्री बी रुजतं का त्या गेममध्ये? वाया जातं. एकदा टाकून बघितलं मी. आणि रोपं लावत बसलो तर रानडुकरं तुझी वांगी ठेवतील का?"

"कुठली रानडुकरं?"

गोकुळने मान वर केली. ती चेष्टा करत असावी असं त्याला वाटलं. "रोजची. खांब मोडून आत घुसतात ती. मग मी नवे बसवतो."

"मी एकसुद्धा बघितलं नाही."

"कसं बघशील? तू दिवसा जातेस."

"अहो, गेममधला दिवस आणि बाहेरचा दिवस यांचा काय संबंध? तिथला दिवस अर्ध्या तासाचासुद्धा नाही. तुम्हाला कधी ना कधी ऊन लागलंच असेल."

"त्या पहिल्या रविवारनंतर एकदाही नाही."

रोहिणी हळूच म्हणाली, "मला कधी रात्र लागली नाही."

स्टोव्हवरचं पाणी उकळून उतू गेलं तेव्हा कुठे तिने हात पुढे केला.

"वांगी कुठल्या रंगाची आहेत?" गोकुळने विचारलं.

"जांभळी. वांग्याचा रंग कुठला असणार?"

"मला काळी दिसतात," तो म्हणाला. आणि जरा वेळाने, "बघ, फोनमधल्या शेतात पण रातपाळी! नशीबच घेऊन आलोय तसं."

"हे नशीब नाही. याला काहीतरी कारण असणार."

"मग काढ. तू बी.एस्सी. फिजिक्स. मला तिथं ऊन दाखव पुढच्या रविवारपर्यंत, आईला मी सांगतो, खोली सोडत नाही. नाहीतर खोकी भरायची."

तो हसत म्हणाला, पण खोकी त्याने भिंतीपासून हलवली नाहीत.

सोमवारी रोहिणी लॅबमधलं स्टॉपवॉच ॲप्रनच्या खिशात घालूनच कॅन्टीनला आली. सकाळी दहाच्या चहाला तिने दोन सेकंद शेत उघडून बंद केलं होतं. सूर्य टेकडीवर. आता एक वाजता उघडलं, सूर्य त्याच टेकडीवर, तसूभरही न हललेला. म्हणजे बाहेरच्या घड्याळाचा संबंध नव्हता, हे पक्कं. मग रोज तिच्याच वाटणीला सकाळ का यावी?

तिने डबा न उघडता स्टॉपवॉच सुरू केलं. सूर्य सरळ डोक्यावर चढला आणि सरळ पलीकडे उतरू लागला. हा सूर्य करणाऱ्याने फार विचार केलेला दिसत नव्हता. सायलीत माघात सूर्य दक्षिणेकडून कलून जातो, कॅन्टीनच्या खांबाची सावली भर दुपारीही उत्तरेला पडलेली असते. इथे ऋतूच नव्हते. पण दिवस मात्र रोज नेमका तेवढाच. सूर्य पश्चिमेच्या झाडीला टेकला तेव्हा चोवीस मिनिटं झाली होती, आणि तिचा अंगठा बाहेर पडण्याच्या बटणावर होता.

तिने अंगठा तिथेच थांबवला. तो तिथे गेला कधी?

आजवर ती समजत होती, की जेवणाची सुट्टी संपते म्हणून आपण उठतो. रोज सहा मिनिटांत डबा, मग शेत, मग दीड. पण आज डबा उघडलेलाच नव्हता. सुट्टीची सहा मिनिटं हातात होती. तरी अंगठा गेला होता. शिरपूरला त्यांच्या मळ्यात वांगीच असत, आणि सूर्य टेकला की आई हातातली पाटी काढून घेई. दिवेलागणीनंतर झाडाला हात लावायचा नाही, झाड निजलं. कितीही फळ उरलेलं असो, उठायचं. लहानपणापासून ते इतकं मुरलं होतं, की फोनमधल्या झाडांनाही ती तोच नियम लावत होती, आणि आपण नियम पाळतो आहोत हे तिच्या गावीही नव्हतं.

पुढचं सगळं आपोआप उलगडलं. ती सूर्यास्ताला उठते, घड्याळ थांबतं. रात्री एकला गोकुळ येतो तेव्हा घड्याळ तिथूनच सुरू होतं, अंधारापासून. तो त्याची अर्धी मुदत अंधारात काढतो. मग तिची पाळी येते तेव्हा सकाळ. दिवस आणि रात्र समान असतील तर हे जन्मभर चालेल. तोडायचं कसं, हेही त्यातच होतं: सूर्यास्तानंतरही बसायचं. तिने रात्रीचा तुकडा खाल्ला, तर तेवढाच दिवसाचा तुकडा त्याच्याकडे सरकेल.

तिने अंगठा उचलला आणि बसून राहिली.

अंधार तिला वाटला त्यापेक्षा दाट होता. रोपं खरोखरच काळी दिसत होती. विहिरीचा काठ ओळखू येईना. मग कुंपणापलीकडे काहीतरी घुरघुरलं, एक खांब कडाडला, पाठोपाठ दुसरा.

"आई गं!"

"काय गो झालं?" समोरून सुलभाताईंनी विचारलं. सुलभाताई लॅबच्या प्रमुख, मूळच्या देवगडकडच्या, सिल्वासात केस पांढरे झालेल्या.

"डुकरं, ताई!"

"कॅन्टीनात?" त्यांनी टेबलाखाली वाकून बघितलं. "हल्ली भाजी बघून येतीलही कोण सांगावं!"

सहा मिनिटं झाली. दीडचा भोंगा वाजला तेव्हा दोन खांब पडलेले होते आणि एक रोप तुडवलं गेलं होतं. हे सगळं गोकुळ रोज एकटा निस्तरत होता. रोहिणी बाहेर पडली आणि उपाशीपोटी लॅबमध्ये गेली.

हिशेब सरळ होता. गोकुळ आज शिरेल तेव्हा रात्रीची सहा मिनिटं सरलेली असतील. रोजच्याइतका थांबला तर शेवटची सहा मिनिटं त्याला ऊन मिळेल. आणि मंगळवारी तिला सूर्य टेकडीवर नाही, सहा मिनिटं वर आलेला दिसेल.

मंगळवारी सूर्य टेकडीवर होता.

पडलेले खांब उभे होते, तुडवलेल्या रोपाच्या जागी कुणीतरी माती सारखी केली होती, पायरीवर जळण होतं. आणि सूर्य नेमका टेकडीवर. म्हणजे तो उजाडताक्षणी उठला होता, हातात सुट्टी शिल्लक असताना. हिशेबात चूक नव्हती. जे चुकलं होतं ते हिशेबात बसणारं नव्हतं. ऊन समोर आल्यावर माणूस उठून जातो, तो का? त्याला ते बघायचंच नसेल तर? खोली सोडायचं ठरलंच असेल, आणि पैज नुसती बोलण्यापुरती असेल तर?

मेसेज करावा असं तिला वाटलं. पण त्यांच्या मेसेजमध्ये गॅस, दूध, मोटर चालू केली का, एवढंच असे. हे त्यात मावणारं नव्हतं. ती पुन्हा सहा मिनिटं अंधारात बसली. बुधवारी पुन्हा सूर्य टेकडीवर. ती पुन्हा बसली.

बुधवारी गोकुळची सुट्टी. ती घरी पोचली तेव्हा त्याने शेवभाजी करून ठेवली होती आणि भाकऱ्या थापायला तिची वाट बघत होता, कारण भाकरी त्याला साधत नसे. खोकी तिथेच होती. सर्वांत वरच्या खोक्यात आता सुतळीचं एक बंडल होतं.

रोहिणीने पहिली भाकरी ताटात टाकली आणि मधून मोडली.

"हा दिवस," ती म्हणाली, "आणि ही रात्र. मी इथून खायला लागते आणि इथं थांबते. तुम्ही बरोबर तिथूनच सुरू करता आणि तुमची अर्धी संपली की उठता. दुसऱ्या दिवशी ताटात नवी भाकरी, मी परत माझ्याच अर्धीपासून."

गोकुळने दोन्ही अर्ध्या जुळवून बघितल्या. "म्हणजे एवढंच?"

"एवढंच. सोमवारपासून मी रोज तुमच्यातला एक घास खाते." तिने रात्रीच्या अर्धीतला तुकडा मोडून तोंडात घातला. "पण तुम्ही माझ्यातला घेतच नाही. तुमची उरलेली संपवता आणि हात धुता. का?"

"तरीच! तरीच मला रात्र लहान वाटली. पप्पूला म्हटलं पण, डुकरं लवकर गेली आज. आणि ते खांब तू मोडून घेतलेस?"

"मी विचारलं ते सांगा. उजाडल्यावर का उठता?"

गोकुळने खांदे उडवले. मग स्वतःलाच विचारत असल्यासारखा म्हणाला, "कोंबडा आरवतो ना."

"मग?"

"कोंबडा आरवला की उठायचं. असं ठरवलं नाही मी. हात जातो." त्याने भाजीचं पातेलं पुढे ओढलं. "सकाळी आठला गेटबाहेर आलो की मी पहिला रुमाल डोळ्यांवर ओढतो. ऊन डोळ्यांत गेलं की गेली झोप, मग दिवसभर छताकडं बघत पडा. पप्पू तर काळा चष्मा घालतो. बसमधल्या बाया म्हणतात, हिरो आला. सहा महिने ऊन दिसलं की पळायचं, दुसरं काही नाही."

रोहिणीला हसू आवरेना. "ऊन नाही ऊन नाही म्हणून रडायचं, आणि आलं की पळायचं!"

"तू मला शिकवू नको. सूर्य टेकला की तू पळतेस ती?"

"मी झाडं निजतात म्हणून उठते."

"फोनमधली?"

"फोनमधली."

आता दोघंही हसत होती. तव्यावरची भाकरी करपली तिकडे कुणाचं लक्ष नव्हतं. शेजारच्या खोलीतून कुणीतरी भिंतीवर थाप मारली, तेव्हा ती थांबली.

जेवताना गोकुळ म्हणाला, "भास्करच्या पोराला आता दात आले असतील."

"आले असतील."

"दिवसपाळी परत मागायची म्हणजे जिवावर येतं. पोराचं घर आहे. मागितल्यासारखं वाटतं."

"त्याच्यातलं मागायचं नाहीये. आपली अर्धी आहे ती," रोहिणी म्हणाली. तिला आणखी बोलायचं होतं, पण ती ताट घेऊन मोरीकडे गेली.

"आज तू कुठं सोडलंस?" त्याने मागून विचारलं.

"रात्रीची सहा मिनिटं झाल्यावर. अठरा उरलीत."

"आणि मग उजाडणार."

"उजाडणार."

"बघू," तो म्हणाला.

दहाला तिला झोप लागली. तो नेहमीसारखा जागा होता.

सकाळी ती उठली तेव्हा गोकुळ भिंतीकडे तोंड करून झोपला होता, फोन छातीशी. खिडकीवर पुठ्ठा तसाच, खोकी तशीच, सुतळीही खोक्यात. फोन घेऊन बघावं असं तिला वाटलं. पण तिने पाहिलं नाही. तिने डबा भरला, कप धुऊन पालथा घातला आणि दार हळू ओढून घेतलं. बसमध्ये, सायलीच्या वळणावर, ऊन सरळ डोळ्यांत आलं आणि सगळ्यांनी माना फिरवल्या. तिने फिरवली नाही.

त्या दिवशी सकाळी लॅबमध्ये तिने एका लॉटचा आकडा चुकीच्या रकान्यात नोंदवला. सुलभाताईंनी तो बघितला, खोडला आणि शेजारी लिहिला. "काय गो, आज डुकरं आतमध्येच शिरलीत वाटतं?"

"एक वाजला की सांगते, ताई."

एक वाजला. ती कोपऱ्यातल्या टेबलाशी बसली. डावा अंगठा स्टॉपवॉचवर, उजवा फोनवर. दोन्ही एकदम दाबले.

सूर्य टेकडीवर नव्हता. ती आधी पूर्वेला बघत राहिली आणि तिथे नुसतं आकाश होतं. मग तिने मान वर केली. विहिरीची सावली काठाला चिकटून, हातभरसुद्धा नाही. एवढी आखूड सावली शेतात शिरताना तिने कधी पाहिली नव्हती.

कुंपणाचे खांब चौसष्ट, सगळे उभे. कोंबड्या पाच, कोंबडा एक. पायरीवर जळण नव्हतं. त्याऐवजी एक वांगं ठेवलेलं होतं, एकच. वांग्याची रोपं तिने मोजली, आणि पुन्हा एकदा मोजली. सव्वीस. तुडवलेलं एक गेलं होतं तेव्हा अठरा उरली होती, आठ नवीन. ती आठ विहिरीच्या बाजूला लावलेली, दोन रोपांत ठेवायचं तेवढं अंतर न ठेवता, आणि ओळ अशी वाकडी, की शिरपूरच्या मळ्यात आईने ती उपटून पुन्हा लावायला लावली असती.

तिने ती उपटली नाहीत. विहिरीवरून बादली भरून आणली आणि आठही रोपांना पाणी घातलं. मग ती घराच्या पायरीवर जाऊन बसली आणि सूर्याकडे बघत राहिली.

"जेवायचं नाही?" सुलभाताईंनी विचारलं.

"थांबा, ताई. सूर्य टेकू दे."

सुलभाताईंनी एकदा बाहेरच्या उन्हाकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे, आणि त्या आपला डबा घेऊन तिच्या शेजारी येऊन बसल्या.

सूर्य पश्चिमेच्या झाडीला टेकला, तेव्हा रोहिणीने स्टॉपवॉच बंद केलं. तेरा मिनिटं. शेतातला दिवस चोवीस मिनिटांचा. गोकुळ अकरा मिनिटं उन्हात होता.